पॅनेल सरकलं नाही, मग पडलं काहून?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही धागा सापडेल. तुम्ही डिप्लोमा करून नागपूरजवळ बुटीबोरीला एका कारखान्यात डिस्पॅचला लागला आहात. ४०० किलोचं इलेक्ट्रिकल पॅनेल ट्रकवर उभं पाठवायचं आहे. उंची २ मीटर, गाडीच्या दिशेने खोली ०.८ मीटर, गुरुत्वमध्य अगदी मधोमध धरलेला, म्हणजे फळीपासून १ मीटर वर. ड्रायव्हरने जोरात ब्रेक मारला तर ते पुढे पडेल का, हे तुम्हाला काढायचं होतं. तुम्ही पुढच्या खालच्या कडेभोवती मोमेंट (बल गुणिले त्याचा हात, म्हणजे फिरवण्याचा जोर) घेतले. घर्षण फळीलगत लागतं, ते त्या कडेतूनच जातं, म्हणून त्याचा मोमेंट शून्य. उरलं वजन, आणि ते तर पॅनेलला मागेच दाबतं. म्हणजे कितीही जोरात ब्रेक मारला तरी पॅनेल पडणारच नाही! मग तुम्ही गुरुत्वमध्याभोवती तेच गणित केलं, तर पॅनेल पडतंय असं आलं. दोन्हींत खरं कुठलं, आणि बेल्ट कुठे बांधायचा, असं तुम्ही विचारलं आहे.

पॅनेल पडतं. मी ते पडताना पाहिलं आहे, त्याबद्दल पुढे लिहितो. पण आधी गणित, कारण तुमची अडचण पॅनेलची नाहीच. चालत्या, वेग बदलणाऱ्या वस्तूवर मोमेंट कुठल्या बिंदूभोवती घ्यायचे, हा खरा प्रश्न आहे. कॉलेजात तो एका ओळीत उरकतात आणि पुढे माणूस वीस वर्षं अडखळत राहतो. हिंगणा एमआयडीसीत माझी अठ्ठावीस वर्षं झाली, आधी फॅब्रिकेशनमध्ये, नंतर डिस्पॅच आणि साइटवरच्या उभारणीत. या काळात चांगल्या चांगल्या इंजिनिअरांना मी नेमक्या याच जागी अडलेलं पाहिलं आहे.

तुमच्या गुणाकार-बेरजेत कुठेच चूक नाही. चूक आहे ती तुम्ही गृहीत धरलेल्या आणि कागदावर न लिहिलेल्या वाक्यात : 'मोमेंटची बेरीज शून्य असेल तर वस्तू फिरणार नाही, आणि ती ज्या दिशेला असेल त्या दिशेला फिरेल.' हे वाक्य कुठल्याही बिंदूभोवती खरं असतं, असं आपल्या हाताला वळण लागलेलं असतं. ते वळण स्टॅटिक्समधून, म्हणजे स्थिर वस्तूंच्या गणितातून येतं. पहिल्या वर्षी बीम, शिडी, कैची सोडवताना सर सांगतात, 'सोयीचा बिंदू घ्या, जिथून जास्तीत जास्त अनोळखी बलं जातील तो.' तिथे ते शंभर टक्के बरोबर आहे. का बरोबर आहे ते एकदा नीट बघा, म्हणजे इथे का चालत नाही तेही लगेच कळेल.

समजा एका बिंदूभोवती सगळ्या बलांचे मोमेंट काढले. आता बिंदू थोडा सरकवला. प्रत्येक बलाचा हात तेवढ्याने बदलला. सगळे बदल एकत्र केले तर येतं : एकूण बल गुणिले सरकवलेलं अंतर. वस्तू स्थिर असेल तर एकूण बल शून्य, म्हणून हा बदलही शून्य. म्हणूनच स्टॅटिक्समध्ये बिंदू कुठेही घ्या, उत्तर तेच येतं. पण ब्रेक मारलेल्या ट्रकवरच्या पॅनेलवर एकूण बल शून्य नाही. ते वस्तुमान गुणिले त्वरण इतकं आहे, आणि ते शून्य नाही म्हणूनच पॅनेल ट्रकबरोबर थांबतंय. त्यामुळे बिंदू गुरुत्वमध्यापासून कडेवर नेला की मोमेंटची बेरीज वस्तुमान गुणिले त्वरण गुणिले अंतर इतकी बदलते. तुमच्या दोन उत्तरांतला फरक म्हणजे अगदी हाच तुकडा. एवढं एक कळलं की निम्मं काम झालं.

आता आकडे घालू. पॅनेलचं वजन ४०० गुणिले ९.८१, म्हणजे ३९२४ न्यूटन. समजा ट्रकचा वेग दर सेकंदाला ३ मीटर प्रति सेकंदाने कमी होतोय आणि पॅनेल सरकत नाही. मग फळीने पॅनेलला मागे ओढणारं घर्षण ४०० गुणिले ३, म्हणजे १२०० न्यूटन. गुरुत्वमध्याभोवती बघा : हे १२०० न्यूटन १ मीटर खाली लागतात, म्हणजे पॅनेलला पुढे पाडणारा मोमेंट १२०० न्यूटन-मीटर. वजन गुरुत्वमध्यातूनच जातं, त्याचा मोमेंट नाही. मग पॅनेल उभं राहतं कशावर? फळीच्या वरच्या दिशेच्या रेट्यावर. हा रेटा एकूण ३९२४ न्यूटनच राहतो, पण त्याची जागा पुढे सरकते. १२०० भागिले ३९२४ केलं की येतं ०.३०६ मीटर. म्हणजे जो रेटा आधी तळाच्या मधोमध होता, तो आता मध्यापासून साधारण ३१ सेंटीमीटर पुढे आला. पुढची कड ४० सेंटीमीटरवर आहे. अजून सुमारे ९.४ सेंटीमीटर शिल्लक, पॅनेल उभं.

ब्रेक वाढवत गेलात तर रेटा आणखी पुढे जाईल आणि एका क्षणी कडेवर पोचेल. त्यापुढे त्याला जायला जागा नाही. ती हद्द कुठे? गुरुत्वमध्याचं कडेपासूनचं आडवं अंतर भागिले त्याची उंची, म्हणजे ०.४ भागिले १, म्हणजे ०.४ जी (जी म्हणजे गुरुत्वत्वरण, ९.८१). मीटरमध्ये सांगायचं तर सुमारे ३.९२ मीटर प्रति सेकंद वर्ग. या गुणोत्तरात वस्तुमान नाही, हेही बघा. ४०० किलोचं असो की ४ टनांचं, आकार आणि गुरुत्वमध्य तोच असेल तर पडायची हद्द तीच. 'वजनदार माल आहे, जागेवर बसून राहतो' असं लोडिंगवाल्यांकडून नेहमी ऐकू येतं. त्यावर या बाबतीत तरी विसंबू नका.

आता तुमच्या कडेकडे येऊ, त्याच ३ मीटरच्या ब्रेकवर. वजनाचा मोमेंट ३९२४ गुणिले ०.४, म्हणजे सुमारे १५७० न्यूटन-मीटर, मागे दाबणारा. फळीचा रेटा कडेपासून ०.०९४ मीटर मागे, त्याचा मोमेंट सुमारे ३७०, पुढे पाडणारा. (हा रेटा तुमच्या कागदावर नव्हता. पडायच्या बेतात तो कडेवर येतो म्हणून तिथे सोडला तर चालतं, पण आधी नाही.) वजाबाकी केली : १२०० न्यूटन-मीटर, मागे दाबणारा. आणि पॅनेल तर फिरत नाहीये! तुमच्या वाक्याप्रमाणे ते मागे फिरायला हवं होतं. फिरत नाही, कारण हे १२०० दुसऱ्या कामाला लागले आहेत. कडेच्या १ मीटर वर असलेलं ४०० किलोचं वस्तुमान ३ ने मंद करायला कडेभोवती ४०० गुणिले ३ गुणिले १ एवढा मोमेंट लागतोच. फिरवायला काही उरलं की नाही, हे तो वजा केल्यावर बघायचं. इथे काहीच उरत नाही. दोन्ही वाटा एकाच गावाला गेल्या.

म्हणून मी माझ्या हाताखालच्या मुलांना एकच सवय लावतो. वेग बदलणाऱ्या वस्तूचे मोमेंट आधी गुरुत्वमध्याभोवती घ्या. तिथे 'मोमेंटची बेरीज म्हणजे मोमेंट ऑफ इनर्शिया (वस्तू फिरायला किती जड आहे ते) गुणिले कोनीय त्वरण (फिरण्याचा वेग किती झपाट्याने बदलतो ते)' हे नेहमी खरं आहे. गुरुत्वमध्य कसाही धावत, थांबत, वळत असला तरी. दुसरा बिंदू घ्यायचाच असेल तर वस्तुमान-त्वरणाचा मोमेंट हिशेबात धरा, नाहीतर घेऊ नका.

दुसरी वाट तुम्ही कदाचित शिकला असाल : ट्रकमध्ये बसून बघायचं, आणि गुरुत्वमध्यावर पुढच्या दिशेने एक आभासी बल लावायचं, वस्तुमान गुणिले ट्रकचं त्वरण इतकं. फ्रेंच गणिती डालाँबेर यांनी १७४३ साली मांडलेल्या तत्त्वातून ही पद्धत आली. ती लावली की तुमची कड पुन्हा वापरता येते, कारण ट्रकमधून बघताना कड स्थिर आहे. पुढे पाडणारा ४०० गुणिले त्वरण गुणिले १, मागे दाबणारा १५७०, आणि दोन्ही सारखे झाले की हद्द. उत्तर तेच, ३.९२. मीही पटकन हिशेब करायचा असला की हेच वापरतो. पण नव्या माणसाने आधी हे वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मुलं आभासी बलही लावतात आणि समीकरणाच्या उजवीकडे वस्तुमान-त्वरणही लिहितात, म्हणजे एकच गोष्ट दोनदा. किंवा आभासी बल गुरुत्वमध्यावर न लावता तळाशी लावतात, आणि मग उत्तर पुन्हा तुमच्यासारखं येतं.

डोळ्यांसमोर आणायचं असेल तर गवंड्याचा ओळंबा घ्या. ट्रकच्या केबिनमध्ये तो टांगला आणि एकसारखा ब्रेक मारला तर दोरी पुढे झुकते, आणि झुकाव बरोबर त्वरण भागिले जी या गुणोत्तराचा असतो. आता तोच ओळंबा पॅनेलच्या गुरुत्वमध्यातून सोडला आहे असं समजा. झुकलेली दोरी तळाच्या आत टेकली तर पॅनेल उभं, कडेच्या बाहेर गेली तर पडतं. सीताबर्डीहून निघालेल्या भरगच्च बसमध्ये उभे असताना ब्रेक लागला की आपण एक पाय पुढे टाकतो, तो यासाठीच. ओळंबा पायांच्या पुढे जायला लागला, म्हणून आपण तळ पुढे वाढवला. पॅनेलला पाय टाकता येत नाही.

आता जे पाहिलं ते सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट आहे. आमच्याकडून साधारण याच मापाचं एक पॅनेल निघालं होतं. आधीच्या खेपेला एक पॅनेल फळीवर सरकून केबिनच्या जाळीवर घासलं होतं, रंग खरवडला होता, म्हणून या वेळी मी खाली रबराची चटई टाकायला लावली. वर एकही बेल्ट नव्हता, फक्त दोन बाजूंनी सुती दोर, तोही कमरेच्या उंचीवर. गाडी वाडीच्या पुढे गेली असेल-नसेल, एका ट्रॅक्टरने आडवं घातलं आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. आम्ही पोचलो तेव्हा पॅनेल तोंडावर पडलेलं होतं. दार आत दबलेलं, आतल्या बसबारचे (वीज वाहणाऱ्या पट्ट्यांचे) सपोर्ट तुटलेले. कुणाला लागलं नाही, ही एकच बरी गोष्ट. आमच्या मुकादमाने वाकून चटई पाहिली. चटई जागची हललेली नव्हती, पॅनेलच्या तळाचा ठसा तिच्यावर तसाच होता. तो म्हणाला, "सायेब, सरकलं तर नाही ना जी, मग पडलं काहून?"

त्याच्या प्रश्नातच उत्तर होतं, मला ते उशिरा कळलं. सरकलं नाही म्हणूनच पडलं. रंगवलेल्या, धूळ बसलेल्या लोखंडावर लोखंड असेल तर मी घर्षणाचा गुणांक ०.२ ते ०.३ धरतो. तेव्हा फळी पॅनेलला जास्तीत जास्त ०.३ जीने मागे ओढू शकते. त्याहून जोरात ब्रेक लागला तर पॅनेल सरकतं, पण पाडायला ०.४ जी लागतो आणि तेवढं बल तळाशी तयारच होत नाही. खाली रबर असलं की गुणांक ०.६ च्या आसपास जातो. आता ०.४ जीची हद्द ०.६ च्या आधी येते, म्हणून सरकण्याऐवजी पॅनेल उलटतं. मी एक दोष काढला आणि त्याच्या जागी मोठा दोष आणून ठेवला. चटई वाईट नाही, मी आजही टाकतो. पण चटई किंवा तळाशी ठोकळे लावले की 'आता हा माल उलटणार का' हा प्रश्न लगेच विचारायचा. नियम सोपा आहे : घर्षण गुणांक आणि आडवं अंतर भागिले उंची, या दोनपैकी जो आकडा लहान, ती घटना आधी घडते.

पॅनेल उचललं गेल्यावर काय होतं, हेही बघा. इथे दोन्ही पद्धती खरोखर जुळतात की नाही याची कसोटी लागते, आणि मला स्वतःला हा हिशेब जुळला तेव्हा कुठे या विषयाची भीती गेली. ब्रेक ५ मीटर प्रति सेकंद वर्ग धरा, तळ चटईवर घट्ट. कडेभोवती, ट्रकमधून बघून : पाडणारा २०००, दाबणारा १५७०, उरले ४३०. पॅनेल एकसारख्या घनतेचं धरलं तर गुरुत्वमध्याभोवती मोमेंट ऑफ इनर्शिया सुमारे १५५ किलो-मीटर वर्ग, कडेभोवती सुमारे ६१९. म्हणजे कोनीय त्वरण ४३० भागिले ६१९, सुमारे ०.७ रेडियन प्रति सेकंद वर्ग.

आता जमिनीवर उभं राहून, गुरुत्वमध्याभोवती. पॅनेल कडेवर फिरायला लागलं की गुरुत्वमध्य थोडा वर उचलला जातो आणि थोडा पुढे जातो. वरचं त्वरण ०.७ गुणिले ०.४, म्हणजे ०.२८, म्हणून फळीचा रेटा वजनाहून जास्त, सुमारे ४०३५ न्यूटन. आडव्या दिशेत गुरुत्वमध्य ५ ने नाही, ४.३ ने मंद होतो. म्हणून घर्षण २००० नाही, सुमारे १७२२. मोमेंट : १७२२ गुणिले १, वजा ४०३५ गुणिले ०.४, म्हणजे १०८ च्या आसपास. १५५ ने भागा. पुन्हा ०.७. कागद घेऊन हे एकदा स्वतः करा. फसण्याची जागा एकच आहे : पॅनेल फिरायला लागल्यावरही रेटा ३९२४ आणि घर्षण २००० धरून ठेवणं. ते धरलंत तर उत्तर चारपट चुकतं.

कोनीय त्वरण ०.७ ऐकायला किरकोळ वाटतं, पण पॅनेल जसजसं झुकतं तसतसं दाबणारा मोमेंट कमी होतो, म्हणून पुढे वेग वाढतच जातो. ब्रेक क्षणभराचाच असेल तर मात्र ते डुलून परत बसू शकतं. गुरुत्वमध्य कडेच्या बरोबर वर यायला त्याला साधारण ७.७ सेंटीमीटर वर चढावं लागतं, आणि तेवढी ऊर्जा मिळाली नाही तर ते मागे येतं.

तुम्ही म्हणाल, मग पुस्तकात घरंगळणाऱ्या सिलिंडरची गणितं संपर्कबिंदूभोवती मोमेंट घेऊन कशी बरोबर सुटतात? चांगली शंका आहे, आणि बहुतेक मुलांची चुकीची सवय तिथेच पक्की होते. गुरुत्वमध्याखेरीज दोन जागी जास्तीचा तुकडा आपोआप शून्य होतो : बिंदूला त्वरणच नसेल, जसं फाटकाची बिजागरी, किंवा बिंदूचं त्वरण थेट गुरुत्वमध्याच्या रेषेत असेल. न घसरता घरंगळणाऱ्या एकसारख्या चाकाच्या संपर्कबिंदूचं त्वरण बरोबर केंद्राकडे असतं, म्हणून तिथे चालून जातं. त्याच चाकाला एका बाजूला वजन वेल्ड करून गुरुत्वमध्य केंद्राबाहेर नेला तर तीच पद्धत बहुतेक स्थितींत चुकीचं उत्तर देते. तुमच्या पॅनेलच्या कडेचं त्वरण आडवं, गुरुत्वमध्य तिच्या तिरकस वर. रेषेत नाही, म्हणून सूट नाही.

आता बेल्ट. इथून पुढे बरंच काही परिस्थितीवर आहे, आणि तुम्ही दोन-तीन गोष्टी लिहिल्या नाहीत. पॅनेलची रुंदी किती? आत ट्रान्सफॉर्मर किंवा जड ब्रेकर आहेत का? असतील तर गुरुत्वमध्य मधोमध नसणारच. तळाला चॅनेलचा बेस आहे की नुसते चार पाय? चार पाय आत घेतलेले असतील तर उलटायची कड पॅनेलची बाहेरची बाजू नाही, पायांची ओळ आहे, आणि ०.४ चा ०.३ व्हायला वेळ लागत नाही. लाकडी पेटीत असेल तर पेटीचा तळ धरा, पण पॅनेल पेटीला बोल्टने आवळलेलं असेल तरच.

किती ब्रेकसाठी बांधायचं? युरोपात रस्त्यावरच्या मालासाठी पुढच्या दिशेने ०.८ जी, बाजूला आणि मागे ०.५ जी धरतात. मीही तेच धरतो. समृद्धी महामार्गावर गाड्या एका लयीत धावतात, पण अचानक थांबावं लागलं तर ब्रेक तोच. ०.८ जीला पाडणारा मोमेंट सुमारे ३१४०, दाबणारा १५७०, म्हणजे १५७० न्यूटन-मीटर बेल्टने द्यायचे. बेल्ट १.८ मीटर उंचीवर आडवा मागे ओढला तर ८७२ न्यूटन पुरतात, सुमारे ८९ किलोचा ओढा. तोच बेल्ट कमरेला, ०.९ मीटरवर असेल तर दुप्पट लागतो. तळाशी बांधलात तर उलटण्याविरुद्ध त्याचा उपयोग शून्य. आमचा सुती दोर कमरेला होता, आणि सैल होता.

प्रत्यक्षात आडवा बेल्ट बांधायला मागे खांब नसतो. आपण पॅनेलच्या पुढून वरच्या बाजूला बेल्टचा फास टाकतो आणि दोन्ही टोकं मागे-खाली ट्रकच्या हुकांना रॅचेटने (बेल्ट ताणायच्या दातेरी खटक्याने) आवळतो. ४५ अंशांत गेला तर दोन्ही बाजू मिळून १२३३ न्यूटन ताण लागतो, म्हणजे एका बाजूला सुमारे ६३ किलो. खाली ओढणारा भाग पुढच्या तोंडावर लागत असल्यामुळे कडेभोवती तो काही मदत करत नाही, पण फळीवरचा दाब वाढवून घर्षण वाढवतो. हे निव्वळ गणिताचे आकडे आहेत. बेल्ट ताणतो, पॅनेलचा पत्रा दबतो, रॅचेट सैलावतं, म्हणून मी किमान दुप्पट धरतो. कोपऱ्यावर अँगलचा तुकडा किंवा जाड पुठ्ठा ठेवायचा, नाहीतर बेल्ट पत्र्यात रुततो आणि ढिला पडतो. पहिले वीस-पंचवीस किलोमीटर झाले की ड्रायव्हरला थांबून बेल्ट पुन्हा आवळायला सांगायचं. आणि वर बेल्ट असला तरी तळाशी ठोकळे हवेतच, कारण ०.२५ चं घर्षण आणि एवढासा बेल्ट मिळून ०.८ जीला सरकणं थांबवत नाहीत. सरकण्याचा बंदोबस्त तळाशी करायचा आणि उलटण्याचा वर.

आणखी एक उपाय फुकटचा आहे : पॅनेल फिरवून ठेवणं. रुंदी १.२ मीटर असेल आणि ती बाजू गाडीच्या दिशेने ठेवली तर पुढची हद्द ०.६ जी होते. मग बाजूची हद्द ०.४ वर येते, पण बाजूला गरज ०.५ चीच आहे. दोन्हीकडे थोडं थोडं बांधून भागतं.

बाजूचा विषय निघालाच आहे तर, वळणावरही गणित हेच, फक्त त्वरण वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. दिवाळीनंतर जिनिंगकडे निघालेल्या, दोन्ही बाजूंनी फुगवून भरलेल्या कापसाच्या गाड्या आपण विदर्भात दरवर्षी पाहतो. १५ मीटर त्रिज्येच्या चौकात ताशी २५ किलोमीटरने वळलं तरी ०.३३ जी होतो, आणि उंच भरलेल्या गाडीची हद्द त्याहून फार वर नसते. त्यात पाटे (गाडीच्या स्प्रिंगा) एका बाजूला दबतात आणि गुरुत्वमध्य बाहेर सरकतो. टँकरमध्ये तर द्रव हलतो, तिथे दृढ वस्तूचं गणित अपुरं पडतं. पॅनेलला ती अडचण नाही.

ट्रकपेक्षा जास्त पॅनेल मी कारखान्यातच पडता पडता वाचलेली पाहिली आहेत. छोट्या चाकांवर ठेवून ढकलत नेताना पुढचं चाक फरशीच्या सांध्यात अडकतं. तळ थांबतो, वरचं येतच राहतं. अडकलेली कड एकदम स्थिर झाली आणि धक्क्याचं बल तिच्यातूनच गेलं, म्हणून इथे कडेभोवतीचा कोनीय संवेग (संवेग गुणिले कडेपासूनचा हात) टिकतो आणि हिशेब सुटसुटीत होतो. तुमच्या पॅनेलसाठी उत्तर येतं सुमारे १.५ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटर. भरभर चालणाऱ्या माणसाचा वेग. दोन माणसं मागून ढकलत असतील तर तिसरा पुढून वर हात देऊन नको, बाजूने चालायला हवा. पॅनेल पुढेच पडतं.

शेवटी गुरुत्वमध्याची खरी उंची. 'मधोमध असेल' यावर माल पाठवू नका, मोजा. ड्रॉइंगवरून काढण्यापेक्षा मी हे करतो : पॅनेल क्रेनच्या साखळीला वरून सैल अडकवून ठेवायचं, नुसतं सुरक्षेसाठी. पुढच्या कडेसमोर फरशीवर ठोकळा घट्ट बसवायचा. मग मागची कड जॅकने हळूहळू उचलायची, पुढे कुणी उभं राहायचं नाही. एका जागी जॅकवरचा भार जवळजवळ संपतो आणि पॅनेल साखळीवर यायला बघतं. तिथे थांबून मागची कड किती उचलली ते मोजा. गुरुत्वमध्य तेव्हा कडेच्या बरोबर वर असतो, आणि त्या कोनाचा टँजंट म्हणजेच तुमची उलटण्याची हद्द, थेट जीमध्ये. वजन माहीत नसलं, उंची माहीत नसली तरी चालतं. तुमच्या पॅनेलचा गुरुत्वमध्य खरोखर मधोमध असेल तर कोन २१.८ अंश भरेल, म्हणजे मागची कड साधारण ३० सेंटीमीटर वर. ती २० सेंटीमीटरलाच तोल सोडायला लागली तर हद्द ०.२६ जीवर आली. गुरुत्वमध्य खोलीच्या मधोमध असेल तर त्याची उंची ०.४ भागिले ०.२६, म्हणजे सुमारे दीड मीटर. मग वरचे बेल्टचे आकडे १ मीटरऐवजी ती उंची घालून पुन्हा काढा, आणि रुंदी व पायांची मापं लिहा, मी तुमचा हिशेब तपासून देतो.